बारा तासांची झोप : उच्च रक्तदाब, विश्रांती आणि मोजमापाचा इतिहास (धागा)

१/
एप्रिल १९४४. अमेरिकेच्या साउथ कॅरोलायना राज्यात, समुद्रालगतच्या हॉबकॉ नावाच्या विस्तीर्ण मळ्यावर एक पाहुणा उतरला. यजमान होते धनाढ्य बर्नार्ड बारूक आणि पाहुणे होते अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट. ६ जूनला नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर सैन्य उतरणार होते. महायुद्धाचा सर्वांत मोठा डाव मांडला जात असताना, नेमक्या त्याच महिन्यात, राष्ट्राध्यक्ष राजधानीपासून दूर झोपा काढत होते.

२/
‘झोपा काढणे’ हा शब्दप्रयोग येथे अनादराने केलेला नाही. आपले सहकारी हॅरी हॉपकिन्स यांना पाठवलेल्या पत्रात रूझवेल्ट यांनी स्वतःच कळवले होते की चोवीस तासांपैकी बारा तास आपण झोपतो आणि उरलेल्या वेळात उन्हात बसतो. हा क्रम जवळजवळ चार आठवडे चालला. जगाला सांगताना याला सुट्टी म्हटले गेले. डॉक्टरांच्या वहीत तो उपचार होता.

३/
त्याआधी काही दिवस, मार्चच्या अखेरीस, बेथेस्डा येथील नौदल रुग्णालयात हॉवर्ड ब्रुएन नावाच्या तरुण हृदयतज्ज्ञाने रूझवेल्ट यांना तपासले होते. रक्तदाब १८६/१०८. हृदय वाढलेले. फुप्फुसांत पाणी साचू लागल्याची चिन्हे. हृदय थकले होते, आणि त्याला थकवणारा शत्रू होता वर्षानुवर्षे चढत गेलेला रक्तदाब. १९४१ मध्येच तो १८८/१०५ नोंदला गेला होता. परंतु राष्ट्राध्यक्षांचे नेहमीचे वैद्य अॅडमिरल रॉस मॅकिन्टायर हे नाक-कान-घशाचे तज्ज्ञ होते, आणि वृत्तपत्रांना ते प्रकृती वयोमानानुसार उत्तम असल्याचे सांगत राहिले.

४/
ब्रुएन यांनी सुचवलेल्या उपायांची यादी आजच्या वाचकाला चकित करील. डिजिटॅलिस, म्हणजे हृदयाचे आकुंचन बळकट करणारे जुने वनस्पतिजन्य औषध. मीठ कमी. वजन कमी. सिगारेटी कमी. दुपारच्या जेवणानंतर आडवे होणे. रात्री दहा तासांची झोप, आणि चित्त शांत राहावे म्हणून फेनोबार्बिटाल हे शामक औषध. या यादीत प्रत्यक्ष रक्तदाब उतरवणारे एकही भरवशाचे औषध नाही. ते ब्रुएन यांच्याकडून राहून गेले असे समजू नये. ते अस्तित्वातच नव्हते.

५/
हॉबकॉ येथे खोकला ओसरला, श्वास मोकळा झाला, चेहऱ्यावर तेज आले. रक्तदाब मात्र उतरला नाही. बारा तासांच्या झोपेने माणूस ताजातवाना झाला आणि पारा होता तिथेच राहिला. या धाग्याचा विषय हीच विसंगती आहे. विश्रांती आणि झोप उच्च रक्तदाबात नेमके किती काम करतात? वैद्यकाला याचे उत्तर शोधायला जवळपास शंभर वर्षे लागली, आणि त्या शोधातले दोन महत्त्वाचे टप्पे मुंबईतल्या परळ भागात घडले.

६/
आधी मोजपट्टीविषयी. स्टीफन हेल्स या इंग्रज पाद्र्याने एका घोडीच्या धमनीत नळी घालून रक्त किती उंच चढते ते पाहिले. काचेच्या उभ्या नळीत ते ८ फुटांहून वर गेले. हा प्रयोग १७३३ मध्ये ग्रंथरूपाने छापला गेला. माणसावर तो करणे अर्थातच शक्य नव्हते. पुढची दीडशे वर्षे वैद्य नाडीवर बोट ठेवून ती ‘कठीण’ आहे की ‘मऊ’ एवढेच सांगू शकत.

७/
१८९६ मध्ये तुरीनच्या शिपिओने रिवा-रोच्ची यांनी दंडाला गुंडाळायचा पट्टा आणि पाऱ्याचा स्तंभ यांची जोडी जमवली. त्यांच्या पहिल्या उपकरणात सायकलच्या चाकातली रबरी नळी होती आणि पाऱ्यासाठी शाईची दौत! त्यातून फक्त वरचा आकडा कळे. १९०५ मध्ये सेंट पीटर्सबर्गचे लष्करी शल्यविशारद निकोलाय कोरोत्कोव्ह यांनी पट्ट्याखाली स्टेथोस्कोप टेकवला आणि धमनीतले आवाज ऐकून खालचा आकडाही सांगितला. आज गल्लीतल्या दवाखान्यात डॉक्टर जे करतात ते मूलतः हेच.

८/
उपकरण हाती येताच झोपलेल्या माणसाचाही दाब मोजला गेला. इंग्लंडचे शरीरशास्त्रज्ञ लेनर्ड हिल यांनी १८९८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये विश्रांती, झोप आणि श्रम यांत रक्ताभिसरण कसे बदलते यावर लिहिले. झोपेत दाब उतरतो, हे तेव्हाच स्पष्ट झाले. कारण पुढे उलगडले. शरीराला सावध ठेवणाऱ्या अनुकंपी चेतातंतूंचा ताण झोपेत सैल होतो, ठोके मंदावतात, रक्तवाहिन्या रुंदावतात. निरोगी माणसात रात्रीचा दाब दिवसाच्या तुलनेत साधारण १० ते २० टक्के खाली येतो.

९/
मग तर्क साधा होता. झोपेत दाब उतरतो, म्हणून दाब वाढलेल्याला झोपवावे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातला उच्च रक्तदाबाचा उपचार बहुतांशी याच तर्कावर उभा होता: अंथरुणात पडून राहणे, मनाला त्रास न होऊ देणे, शामक औषधे. शिकागोचे एडमंड जेकबसन यांनी १९२९ मध्ये ‘प्रोग्रेसिव्ह रिलॅक्सेशन’ हा ग्रंथ लिहिला. एकेक स्नायू आधी ताणायचा, मग सैल सोडायचा, आणि सैलपणा ओळखायला शिकायचे, ही त्यांची पद्धत. ती आजही शिकवली जाते.

१०/
ज्यांना हे पुरत नसे त्यांच्यासाठीचे उपाय भयंकर होते. पाठीच्या कण्यालगतच्या अनुकंपी चेतातंतूंचा मोठा भाग शस्त्रक्रियेने कापून टाकणे हा त्यांपैकी एक. नॉर्थ कॅरोलायनातील ड्यूक विद्यापीठाचे वॉल्टर केम्पनर रुग्णांना भात, फळे आणि साखर यांवर ठेवत. याने काहींचा दाब खरोखर उतरे, पण तो आहार महिनोन् महिने पाळणे ही तपश्चर्याच होती. शिवाय अनेक नामवंत डॉक्टरांना दाब उतरवणे मुळातच अनिष्ट वाटे. अरुंद झालेल्या वाहिन्यांतून रक्त पुढे ढकलण्यासाठी शरीराने योजलेली ती सोय असावी, तिला हात लावू नये, असा विचार बॉस्टनचे ख्यातनाम हृदयतज्ज्ञ पॉल डडली व्हाइट यांच्या १९३७ च्या पाठ्यपुस्तकातही आढळतो. आयुर्विमा कंपन्यांचे मत मात्र केव्हाच ठरले होते. चढ्या दाबाची माणसे लवकर मरतात, हे त्यांच्या हिशेबाच्या वह्या सांगत होत्या. व्यापाऱ्याला जे कळले ते वैद्याला कळायला वेळ लागला, याची उदाहरणे इतिहासात कमी नाहीत.

११/
१२ एप्रिल १९४५. जॉर्जियातील वॉर्म स्प्रिंग्स. रूझवेल्ट पुन्हा विश्रांतीसाठीच आले होते. चित्रकार एलिझाबेथ शूमाटॉफ समोर बसून त्यांचे चित्र रंगवत होत्या. दुपारी एकच्या सुमारास त्यांनी डोक्याच्या मागच्या बाजूला विलक्षण वेदना होत असल्याचे सांगितले आणि ते कोसळले. ब्रुएन धावत आले. वरचा आकडा ३०० च्या पुढे, खालचा १९०. मेंदूत रक्तस्राव झाला होता. दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी मृत्यू. वय ६३.

१२/
जगातल्या सर्वांत सामर्थ्यशाली माणसाला त्या काळी जे काही देता येत होते ते सारे दिले गेले होते: निवांत मळा, ऊन, बारा तासांची झोप, चोवीस तास जवळ असणारा हृदयतज्ज्ञ. कमी पडले ते औषध. आणि ज्या औषधाने पुढे हे चित्र पालटायला हातभार लावला त्याचे मूळ, अगदी शब्दशः मूळ, तेव्हा भारतातल्या काष्ठौषधींच्या दुकानांत विकले जात होते.

१३/
सर्पगंधा. आयुर्वेदात जुन्या काळापासून ओळखले जाणारे झुडूप. बिहार-बंगालच्या भागात त्याचे मूळ ‘पागल की दवा’ म्हणून प्रसिद्ध होते. भडकलेल्या माणसाला शांत करण्यासाठी आणि झोप लागण्यासाठी ते दिले जाई. १९३१ मध्ये कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी या मुळाविषयी एक लेख प्रसिद्ध केला. वेड आणि उच्च रक्तदाब या दोहोंवरचे नवे भारतीय औषध, असे त्याच्या शीर्षकातच म्हटले होते. चित्ताची शांती आणि धमनीतला दाब यांना एका ओळीत बांधणारे ते शीर्षक होते.

१४/
त्याच वर्षी दिल्लीच्या आयुर्वेदिक व युनानी तिब्बी कॉलेजात सलीमुझ्झमान सिद्दिकी आणि रफत हुसेन सिद्दिकी या रसायनशास्त्रज्ञांनी मुळातून अनेक अल्कलॉइडे वेगळी केली. त्यांतल्या एकाला त्यांनी हकीम अजमल खान यांच्या स्मरणार्थ ‘अजमलिन’ हे नाव दिले. कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये रामनाथ चोप्रा यांच्या गटानेही या वनस्पतीवर काम केले. म्हणजे रूझवेल्ट यांच्या मृत्यूच्या दशकभर आधीच भारतात हा धागा हाती लागला होता. पण पाश्चात्त्य हृदयतज्ज्ञ भारतीय नियतकालिके वाचत नसत.

१५/
आता परळ. केईएम रुग्णालयात काम करणारे डॉ. रुस्तुम जाल वकील हे मुंबईचे पारशी हृदयतज्ज्ञ. शिक्षण लंडनला झालेले. भारतीय डॉक्टर सर्पगंधेच्या गोळ्या सर्रास लिहून देतात, रुग्णांना गुणही येतो, पण पद्धतशीर नोंद कुणाकडे नाही, हे त्यांनी हेरले. त्यांनी उच्च रक्तदाबाच्या रुग्णांना ही मुळी दिली, दाब पुन्हा पुन्हा मोजला, आणि ५० रुग्णांचा अनुभव १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये प्रसिद्ध केला. बहुसंख्य रुग्णांत दोन्ही आकडे उतरले होते. प्रसिद्धीचे ठिकाण त्यांनी विचारपूर्वक निवडले असावे. कलकत्त्यात अठरा वर्षांपूर्वी छापलेली गोष्ट लंडनमध्ये छापली गेल्यावर जगाला ऐकू आली.

१६/
पुढच्या घडामोडी वेगाने झाल्या. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या बाझेल शहरातील सीबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी मुळातले प्रभावी द्रव्य शुद्ध स्वरूपात मिळवले. त्याचे नाव रिसर्पिन. बॉस्टनमध्ये रॉबर्ट विल्किन्स यांनी सर्पगंधा रक्तदाबाच्या रुग्णांना देऊन पाहिली, तर न्यूयॉर्क राज्यातील मनोरुग्णालयात नेथन क्लाइन यांनी रिसर्पिन मनोरुग्णांना दिले. १९५७ मध्ये वकील यांना अमेरिकेचा प्रतिष्ठेचा लास्कर पुरस्कार मिळाला. त्याच वर्षीच्या मानकऱ्यांत क्लाइनही होते. सेन आणि बोस यांच्या शीर्षकातली दोन टोके, रक्तदाब आणि मन, अशी एका पुरस्काराच्या यादीत पुन्हा शेजारी आली.

१७/
येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. सर्पगंधा माणसाला शांत करते, आणि शांत झाल्यामुळे दाब उतरतो, असे कुणालाही सहज वाटेल. प्रत्यक्षात रिसर्पिन चेताग्रांमधला नॉरअॅड्रेनलिनचा साठा रिकामा करते. रक्तवाहिन्यांना आवळणाऱ्या चेतातंतूंत साठा संपला की वाहिन्या सैलावतात आणि दाब उतरतो. मेंदूत तशीच रिकामी कोठारे झाली की माणूस गुंगतो. दोन्ही परिणाम एकाच कारणाची भावंडे आहेत, एक दुसऱ्याचा बाप नव्हे. (मेंदूतल्या याच रिकाम्या कोठारांचा अभ्यास करताना अर्विद कार्लसन यांना डोपामिनचे महत्त्व कळले आणि २००० साली नोबेल मिळाले. ती गोष्ट स्वतंत्र धाग्याची.)

१८/
आणि ही शांती फुकट मिळत नव्हती. नाक चोंदणे, दिवसा पेंग, वाईट स्वप्ने. मोठ्या मात्रेत काही रुग्णांना खोल उदासीनता आल्याचे अहवाल १९५० च्या दशकातच येऊ लागले. औषध त्याला किती जबाबदार, यावर पुढे बराच वाद झाला. झोप आणणारे औषध चांगली झोप आणतेच असे नाही, हा धडा वैद्यकाने येथे घेतला. आज रिसर्पिन क्वचितच लिहून दिले जाते.

१९/
परंतु एक काम त्याने करून ठेवले. दाब उतरवल्याने आयुष्य खरेच वाचते काय, हा प्रश्न १९६० च्या दशकातही मोकळाच होता. एडवर्ड फ्रीस यांनी अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत त्याची परीक्षा घेतली. एका गटाला तीन औषधे एकत्र: लघवी वाढवणारे थायाझाइड, वाहिन्या रुंदावणारे हायड्रालझिन, आणि रिसर्पिन. दुसऱ्या गटाला हुबेहूब दिसणाऱ्या निष्क्रिय गोळ्या.

२०/
या परीक्षेची आखणी इतिहासाच्या विद्यार्थ्याने मुद्दाम पाहावी अशी आहे. नाव नोंदवण्याआधी रुग्णाला औषधाविना रुग्णालयात ठेवले जाई, आणि चौथ्या ते सहाव्या दिवसांची दाबाची सरासरी धरली जाई. म्हणजे निव्वळ विश्रांतीने ज्यांचा दाब उतरतो ते आपोआप बाजूला पडत. रूझवेल्ट यांच्या काळी जो संपूर्ण उपचार होता तो येथे चाळणीपुरता उरला. शिवाय आधीच्या चाचणीत निष्क्रिय गोळ्यांत रायबोफ्लेविन मिसळले होते. ते घेतल्यावर लघवी विशिष्ट प्रकाशात चमकते, त्यामुळे गोळ्या न घेता ‘घेतल्या’ म्हणणारे पकडले जात.

२१/
१९६७ मध्ये पहिला निकाल आला. खालचा आकडा ११५ ते १२९ असलेले १४३ पुरुष. निष्क्रिय गोळ्यांच्या गटात २७ जणांवर गंभीर आपत्ती ओढवली. औषधांच्या गटात २ जणांवर. निष्क्रिय गोळ्यांच्या गटातील चार जण दगावले, औषधांच्या गटातील एकही नाही. फरक इतका ठळक होता की या रुग्णांपुरती परीक्षा तिथेच थांबवावी लागली. १९७० मध्ये दुसरा निकाल आला, तो कमी तीव्र दाबाच्या रुग्णांविषयी. औषधाचा लाभ तेथेही दिसला.

२२/
योगायोग असा की त्याच १९७० मध्ये हॉवर्ड ब्रुएन यांनी रूझवेल्ट यांच्या आजाराच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. राष्ट्राध्यक्षांचे रुग्णालयातले मूळ कागद त्यांच्या मृत्यूनंतर गहाळ झाले होते आणि ते कधीच सापडले नाहीत. ब्रुएन यांचा लेख नसता तर १८६/१०८ हा आकडा आणि त्या शेवटच्या वर्षाचा वैद्यकीय इतिहास आपल्याला आज तपशिलात माहीत नसता.

२३/
आता पुन्हा परळला यायचे, पण वाट लोणावळ्यावरून आहे. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद, यांनी १९२४ मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन केले आणि ‘योग मीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले. योगाच्या क्रियांना क्ष-किरण यंत्रासमोर आणि रक्तदाबाच्या पट्ट्याखाली बसवावे, हा त्यांचा आग्रह होता. आस्तिकांना तो पाखंड वाटे आणि डॉक्टरांना वेडेपणा. दोन्ही बाजूंनी टीका झेलत त्यांनी ती परंपरा रुजवली. १९६६ मध्ये त्यांचे निधन झाले.

२४/
तीन वर्षांनी, १९६९ मध्ये, ‘अँजिऑलॉजी’ या नियतकालिकात एक निबंध आला. विषय होता उच्च रक्तदाबाच्या उपचारात शवासन. लेखकांत केईएमचे हृदयतज्ज्ञ डॉ. के. के. दाते यांचे नाव पहिले होते आणि कैवल्यधामचे डॉ. विणेकर हेही त्यात होते. पारा आणि आसन एका कागदावर आले. शवासन तसे जुने. पंधराव्या शतकाच्या सुमारास रचल्या गेलेल्या हठयोगप्रदीपिकेत थकवा घालवणारे आणि चित्ताला विसावा देणारे आसन म्हणून त्याचा उल्लेख आहे. पण त्याने पारा किती उतरतो, हे स्वात्मारामांना विचारण्याची सोय नव्हती.

२५/
कृती निबंधात बारकाईने दिली आहे. उताणे पडायचे. पायांत सुमारे ३० अंशांचे अंतर, हात शरीरापासून सुमारे १५ अंश दूर. डोळे मिटलेले. श्वास संथ आणि पोटातून. श्वास घेतल्यावर किंचित थांबायचे आणि सोडल्यावर त्याहून अधिक. लक्ष नाकपुड्यांवर: आत जाणारी हवा गार लागते, बाहेर येणारी उबदार. रोज अर्धा तास. बहुतेकांना हे जमायला साधारण तीन आठवडे लागले. ‘फक्त पडून राहा’ असे सांगणारा हॉबकॉचा उपचार आणि ‘असे पडून राहा’ असे शिकवणारा हा उपचार, यांतले अंतर लहान नाही. पहिल्यात माणूस निष्क्रिय होता. दुसऱ्यात तो एक कौशल्य कमावत होता.

२६/
रुग्ण ४७. तीन गट. औषध मुळीच न घेणारे १० जण, औषधाने दाब ताब्यात असलेले २२, आणि औषध घेऊनही दाब न आवरलेले १५. पहिल्या गटात सरासरी दाब १३४ वरून १०७ मिलिमीटरवर आला. (हा वरच्या-खालच्या आकड्यांपासून काढलेला मध्यम दाब आहे. तो १३४ असणे म्हणजे चांगलाच चढा.) इतर दोन गटांत अनेकांची औषधाची मात्रा कमी करता आली. ती डॉक्टरांनी, दाब मोजत मोजत कमी केली, हा तपशील पुढे सांगोवांगीत हरवला. ‘शवासनाने गोळ्या सुटल्या’ एवढेच वाक्य लोकांपर्यंत गेले.

२७/
निबंधाची उणीव उघड होती. शवासन न करणारा, तुलनेचा गट त्यात नव्हता. रक्तदाबाला एक खोड आहे: वारंवार मोजला, दवाखाना ओळखीचा झाला, डॉक्टरांची भीड चेपली की तो काहीही न करता थोडा उतरतो. मग यातले शवासनाचे किती आणि सवयीचे किती?

२८/
या प्रश्नाला हात घातला भारतीय वंशाच्या एका स्त्री डॉक्टरने, आणि तोही विद्यापीठात नव्हे तर लंडनजवळच्या क्रॉयडनमधल्या आपल्या साध्या दवाखान्यात. डॉ. चंद्रा पटेल. योगातली शिथिलता आणि एक छोटे यंत्र यांची त्यांनी सांगड घातली. त्वचेचा विद्युतरोध वाढला, म्हणजे माणूस सैलावला, की यंत्राचा सूर बदले. आपण खरोखर सैल झालो की तसा नुसता भास होतो आहे, हे रुग्णाला कानांनी कळे. रुग्णांनी मनगटी घड्याळावर लाल ठिपका चिकटवायचा. वेळ पाहिली की ठिपका दिसणार, ठिपका दिसला की खांदे सैल सोडायचे. अर्ध्या तासाचे शवासन त्यांनी असे दिवसभर पेरले.

२९/
१९७५ मध्ये पटेल आणि नॉर्थ यांनी ‘लॅन्सेट’मध्ये दिलेला निकाल इतिहासात महत्त्वाचा, कारण येथे ३४ रुग्णांची वाटणी यदृच्छेने झाली होती. शिथिलता शिकलेल्या गटाचा दाब १६८/१०० वरून १४१/८४ वर आला. दुसऱ्या गटाला तेवढाच वेळ दिला, तितक्याच भेटी झाल्या, पण विद्या शिकवली नाही. त्यांचा दाब १६९/१०१ वरून १६०/९६ झाला. सवयीने उतरलेले नऊ मिलिमीटर येथे वेगळे काढून दाखवता आले. पुढे या दुसऱ्या गटालाही विद्या शिकवली, तेव्हा त्यांचाही दाब आणखी उतरला.

३०/
त्याच वर्षी हार्वर्डचे हर्बर्ट बेन्सन यांचे ‘द रिलॅक्सेशन रिस्पॉन्स’ निघाले आणि अमाप खपले. विश्रांती आता शास्त्र झाली, असा एक उत्साहाचा काळ आला. त्याला खीळ बसली ती रात्रीच्या मोजमापाने.

३१/
१९६९ मध्येच, दाते यांचा निबंध निघाला त्या वर्षी, ऑक्सफर्डच्या बेव्हन, ऑनर आणि स्टॉट यांनी दंडाच्या धमनीत बारीक नळी ठेवून, माणसाला नेहमीचे व्यवहार करू देत, दिवसरात्रीचा अखंड दाब नोंदवला. मिळालेला आलेख डोंगरदऱ्यांसारखा होता. दवाखान्यात मोजलेला ‘रक्तदाब’ हा त्या डोंगररांगेतला एक दगड आहे, हे तेव्हा उमगले.

३२/
अॅमस्टरडॅमच्या व्हॅन मॉन्टफ्रान्स आणि सहकाऱ्यांनी हेच तंत्र शिथिलतेच्या परीक्षेला लावले. सौम्य उच्च रक्तदाबाचे ३५ जण, वर्षभराचे प्रशिक्षण, आणि धमनीतून चोवीस तासांची नोंद. १९९० चा निकाल निराशाजनक होता. दिवसरात्रीच्या सरासरी दाबात शिथिलतेने काही फरक पडला नव्हता. म्हणून क्रॉयडनचे निकाल खोटे ठरत नाहीत. तेथील दाब अधिक चढा होता, रुग्ण वेगळे होते, पद्धत वेगळी होती. पण दवाखान्यात उतरलेला पारा रात्रीही उतरलेलाच असतो, ही समजूत त्यानंतर धरून ठेवता आली नाही.

३३/
आणि रात्र महत्त्वाची होती. १९८८ मध्ये डब्लिनचे ओइन ओब्रायन यांच्या गटाने दाखवले की काही रुग्णांचा दाब झोपेत उतरतच नाही, आणि अशांत पक्षाघात अधिक आढळतो. रात्री दाब उतरणारे आणि न उतरणारे, ही वाटणी तेव्हापासून रूढ झाली. न उतरण्याच्या कारणांत झोपेतच दडलेले एक कारण होते. घोरणाऱ्या माणसाचा घसा मध्येच बंद होतो, श्वास काही क्षण तुटतो, शरीर दचकून अर्धवट जागे होते आणि दर वेळी दाब उसळतो. १९७६ मध्ये स्टॅनफर्डच्या गियमिनो आणि डिमेंट यांनी या विकाराचे स्वरूप सविस्तर मांडले होते. त्यातून उच्च रक्तदाब उद्भवतो, हे २००० मध्ये विस्कॉन्सिनच्या दीर्घकालीन पाहणीने भक्कम केले. अशा माणसाने बारा तास अंथरुणात काढले तरी त्याच्या धमन्यांची रात्र होत नाही. त्याला शामक गोळी देणे तर घातकच, कारण तिने घसा आणखी सैल पडतो. घोरणे म्हणजे गाढ झोप, असे आपल्याकडे कितीतरी घरांत आजही मानले जाते.

३४/
आता रात्रीचा दाब पाहण्यासाठी धमनीत नळी घालावी लागत नाही. कमरेला छोटे यंत्र आणि दंडाला पट्टा बांधून रुग्णाला घरी पाठवतात. रात्रभर ठरावीक वेळाने पट्टा आपोआप फुगतो, दंड आवळतो, आकडा नोंदवतो आणि सैल होतो. त्या आवळण्याने कित्येकांची झोप मोडते, आणि झोपेतला म्हणून नोंदला गेलेला दाब प्रत्यक्षात नुकत्याच जाग्या झालेल्या माणसाचा असतो. म्हणून दुसऱ्या दिवशी यंत्र परत घेताना आकडे पाहण्याआधी विचारले जाते: रात्री झोप लागली होती का?